नाक्यावरची पावती आणि वेठीचा माणूस

१/
मुलुंडचा चेकनाका. मुंबई जिथे संपते आणि ठाणे जिथे सुरू होते, ती ही रेघ. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द मुलुंडपर्यंत सरकली आणि पुढे अनेक दशके या नाक्यावर मालमोटारींच्या रांगा लागत राहिल्या. विटा, लाकूड, कापड, यंत्रे, जी जिन्नस शहरात येई तिची पावती येथे तपासली जाई आणि जकात घेतली जाई. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि जकात इतिहासजमा झाली. मात्र त्या साऱ्या काळात एक प्रश्न नाक्याने कधीच विचारला नाही. हा माल कोणाच्या हातांनी घडला आणि ते हात मोकळे होते काय?

२/
‘आधुनिक गुलामगिरी’ आणि ‘पुरवठा साखळी’ हे आजच्या कंपन्यांच्या अहवालांतले शब्द. ते ऐकले की दूरच्या देशांतील खाणी, मळे आणि मासेमारीच्या बोटी डोळ्यांपुढे येतात. वस्तुतः मुलुंडमधून जाणारा लोहमार्ग, मुलुंडच्या उत्तरेचा ठाणे जिल्हा आणि मुलुंडच्या इमारतींत झाडू मारणारे, पहारा देणारे लोक, एवढ्या टापूतच या प्रश्नाचा दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास सामावलेला आहे. त्याचे मराठी नाव फार जुने आहे: वेठ.

३/
‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’पासून आला. विष्टि म्हणजे सत्तेने सक्तीने करवून घेतलेले काम. वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावांना ज्या सवलती मिळत, त्यांत विष्टीपासूनची सूटही नोंदलेली आढळते. सूट कोरून ठेवावी लागते, तेव्हा सक्ती हाच नियम असतो. पुढे फारसीतून ‘बेगार’ आला आणि दोन्ही शब्द जोडून ‘वेठबिगार’ झाला. आजही कोणी अडवणूक केली की आपण म्हणतो, ‘वेठीला धरले’. भाषेने ती आठवण जपून ठेवली आहे, बोलणाऱ्यांना मात्र तिचा विसर पडला आहे.

४/
कायद्याच्या पुस्तकात गुलामगिरीचा शेवट लवकर झाला. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारच्या न्यायालयांनी कोणाचाही गुलामावरील हक्क मान्य करणे बंद केले. १८६२ पासून अमलात आलेल्या भारतीय दंडसंहितेने माणसाची गुलाम म्हणून खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला. परंतु याच दोन तारखांच्या मध्ये आणखी एक कायदा झाला. गुलामगिरी समोरच्या दाराने बाहेर गेली आणि मागच्या दाराने परत आली, असे त्याचे वर्णन करता येईल. तो कसा आला हे पाहण्यासाठी लोहमार्गाकडे वळावे लागते.

५/
१६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने. एकवीस मैलांचे ते अंतर आजच्या मुलुंडच्या भूमीवरूनच कापले गेले. तोफांची सलामी झाली, वर्णने छापली गेली. परंतु ज्यांनी भराव घातले आणि खडी फोडली त्यांची नावे कोठे नोंदली गेली नाहीत. कारण ते रेल्वे कंपनीचे नोकरच नव्हते. कंपनीने काम इंग्रज ठेकेदाराला दिले होते, त्याने पोटठेकेदारांना, त्यांनी मुकादमांना आणि मुकादमांनी टोळ्यांना.

६/
हीच रचना पुढे बोरघाटात अतिप्रचंड झाली. १८५६ साली घाटाचे काम विल्यम फॅव्हिएल या ठेकेदाराकडे सुरू झाले. सुमारे पंधरा मैलांची चढण, पंचवीस बोगदे, सह्याद्रीचा काळा पाषाण. १८६१ मध्ये तेथे राबणाऱ्यांची संख्या ४२ हजारांवर गेली होती. लंडनमधील भागधारक आणि घाटात पहार चालवणारा मजूर यांच्यामध्ये किती हात होते, हे खुद्द कंपनीच्या अधिकाऱ्यांनाही नेमके सांगता आले नसते. मजुरी वरून निघे, खाली पोहोचेपर्यंत कधी आटे, कधी अडे, कधी पोहोचतच नसे.

७/
जानेवारी १८५९ मध्ये या साखळीचा स्फोट झाला. थकलेल्या मजुरीसाठी घाटातील मजूर उठले, दंगल झाली, तीत एक युरोपीय ठार झाला. चौकशीत मजुरी वेळेवर आणि पुरती न मिळाल्याची तक्रार ठळकपणे पुढे आली. त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडले. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका पुढे चालवला. १८६३ साली घाट खुला झाला. इंजिनिअरांच्या पराक्रमाची कथा सर्वांना ठाऊक आहे. थकलेल्या मजुरीची कथा फारशी कोणी सांगत नाही.

८/
दंगलीनंतर १८६० चा नववा कायदा आला. लोहमार्ग, कालवे आणि इतर सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्याने झटपट मिटवावेत, अशी सोय त्यात होती. मजुराला दाद मागण्यासाठी एक दार मिळाले. पण त्याच कायद्याने काम सोडून जाणाऱ्या मजुरालाही शिक्षेच्या कक्षेत आणले. आणि त्याआधी एक वर्ष, १८५९ चा तेरावा कायदा झालाच होता. तो मूळ मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांसाठी होता. आगाऊ पैसे घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला वा मजुराला दंडाधिकारी काम करण्याचा किंवा पैसे फेडण्याचा हुकूम देई. तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी.

९/
येथे क्षणभर थांबावे. दोन माणसांत करार झाला. मालकाने तो मोडला तर तो दिवाणी दावा, वर्षानुवर्षे चालणारा. मजुराने मोडला तर तो गुन्हा आणि वाट तुरुंगाची. ज्या पैशामुळे हा फरक पडला, त्याला मराठीत नाव आहे: उचल. उचल म्हणजे कामाआधी हातात पडणारी रक्कम. लग्नासाठी, आजारपणासाठी, पावसाळ्यातल्या उपाशी महिन्यांसाठी घेतलेली. साखळदंड लोखंडाचा असावा लागत नाही, ही गोष्ट या कायद्याने सिद्ध केली. तो कायदा १९२६ पर्यंत पुस्तकात राहिला.

१०/
गिरणगावातही साखळी होतीच. तेथील मुकादमाला ‘जॉबर’ म्हणत. कोकण, देश येथून माणसे आणणारा, कामावर लावणारा, काढणारा आणि त्यासाठी ‘दस्तुरी’ घेणारा तोच. पगार आठवडेच्या आठवडे मागे ठेवला जाई, त्यामुळे कामगाराला मधल्या काळात कर्ज काढणे भाग पडे. १९३१ साली शाही श्रम आयोगाने नोकरभरती जॉबरच्या हातून काढून घ्यावी, अशी शिफारस केली. १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला आणि पगार किती दिवसांत द्यावा, त्यातून काय कापता येईल, हे प्रथमच स्पष्टपणे लिहिले गेले.

११/
आता मुलुंड. १९२२ च्या सुमारास क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी स्थानकापासून पाच रस्त्यापर्यंत चौकटीदार नगररचना आखली. उपनगर उभे राहते म्हणजे काय होते? लाकूड लागते, विटा लागतात, दूध लागते, दुधाळ जनावरांना गवत लागते. मुंबई आणि तिच्या उपनगरांची ही भूक ठाणे जिल्ह्याची जंगले आणि कुरणे भागवत. गवत डहाणू, उंबरगाव, पालघरच्या माळांवर कापले जाई. लाकूड तेथल्याच रानांतून निघे. कापणारे हात बहुतांशी वारल्यांचे होते.

१२/
त्या हातांची स्थिती गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात नोंदवली. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणे म्हणजे वेठ. आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी सावकाराकडे बांधले जाणे म्हणजे ‘लग्नगडी’. कर्ज काही रुपयांचे, हिशेब सावकाराच्या वहीत, आणि वही वाचता येणारा पाड्यावर कोणी नाही. आयुष्य संपे, पण हिशेब संपत नसे.

१३/
जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या प्रयत्नांनी तेथे वारली प्रतिनिधीही पोहोचले. २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी गावी हजारो आदिवासी जमले. वेठ करायची नाही, रोख मजुरीशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचे नाही, असा निर्धार झाला. विशेष म्हणजे कायद्याने वेठ तेव्हाही बेकायदेशीरच होती. दंडसंहितेच्या ३७४ व्या कलमात सक्तीच्या श्रमाला शिक्षा होतीच. ऐंशीहून अधिक वर्षे ते कलम पुस्तकात निवांत झोपले होते. त्याला जागे केले ते पाड्यावरच्या माणसांनी.

१४/
पावसाळा संपला आणि प्रश्न गवतावर आला. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मिळावेत, ही मागणी होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे मोठा जमाव जमला असताना पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. परुळेकर दांपत्यावर जिल्हाबंदी आली. मुंबईच्या गोठ्यांत त्या वर्षीही गवत आले असेल, दूध निघाले असेल. गवताच्या गठ्ठ्यावर मात्र त्याची कोणतीही खूण नसते.

१५/
पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९४६ मध्ये, एक वेगळी गोष्ट घडली. जंगल-कामाच्या संपानंतर इमारती लाकडाच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेला दिवसाला सव्वा रुपया किमान मजुरी मान्य करावी लागली. ही घटना बारकाईने पाहण्यासारखी आहे. येथे दबाव केवळ गावच्या जमीनदारावर आला नाही. तो जंगलातून शहराकडे माल नेणाऱ्यांवर आला. साखळीच्या वरच्या कडीने ‘मजूर आमचे नव्हेत, ठेकेदाराचे आहेत’ असे म्हणून सुटायचे, ही रीत त्या दिवशी चालली नाही. आज ज्याला पुरवठा साखळीची जबाबदारी म्हणतात, तिचा हा गावरान आरंभ मानता येईल.

१६/
वेठीचे आणखी एक रूप होते, आणि ते सरकारमान्य होते. महार वतनदारांना इनामाच्या तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात रात्री-अपरात्री सरकारी कामाला जावे लागे. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे ते मागे घ्यावे लागले. परंतु बावीस वर्षांनी अमलात आलेल्या संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा अपव्यापार, वेठबिगारी आणि सक्तीचे श्रम यांना मनाई केली. हा अनुच्छेद केवळ शासनाला बांधत नाही. तो खासगी मालकालाही बांधतो, ठेकेदारालाही बांधतो. मूलभूत हक्कांत हे वैशिष्ट्य विरळा आहे.

१७/
अनुच्छेद लिहिणे एक, मजुरी हातात पडणे दुसरे. ते कसे साधावे, याचे एक अस्सल मराठी उत्तर १९६९ साली मिळाले. बाजारपेठांतले माथाडी आणि हमाल टोळ्यांत काम करत. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या गोदामात. मालक कोण, हेच ठरत नसे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर माथाडी कायदा झाला. मालक आणि कामगार दोघांनी मंडळाकडे नोंदणी करायची. मजुरी व लेव्ही मालकाने मंडळात भरायची. मंडळाने ती कामगाराला द्यायची. पैसा आणि माणूस यांच्यामधला मुकादमाचा हात कायद्याने बाजूला केला. बोरघाटात १८५९ साली जे हवे होते ते हेच.

१८/
१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने देशभर आणखी एक तत्त्व रुजवले: मूळ मालक. ठेकेदाराने मजुरी दिली नाही, तर ज्याच्यासाठी काम चालले आहे त्याने ती द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी. मजुरी वाटली जाताना मूळ मालकाचा प्रतिनिधी समक्ष हजर असावा. तत्त्व उत्तम होते. पण त्याला एक उंबरठा होता. वीस किंवा अधिक कामगार असतील तरच हा कायदा लागू. कोणत्याही उंबरठ्याप्रमाणे याच्याही अलीकडे थांबणे सोपे होते. त्याची किंमत पुढे दिसेल.

१९/
ऑक्टोबर १९७५ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा अध्यादेश निघाला आणि १९७६ साली त्याचा कायदा झाला. उचल देऊन माणसाचे श्रम, त्याचे जाणे-येणे किंवा दुसरीकडे काम करण्याचा हक्क बांधून ठेवणे म्हणजे वेठबिगारी, अशी त्याची व्याख्या थोडक्यात सांगता येईल. अशी सारी कर्जे रद्द झाली. कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर टाकला गेला. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमण्याची तरतूद झाली. १८५९ च्या कायद्याने उचल घेणाऱ्याला तुरुंग दाखवला होता. ११७ वर्षांनी कायद्याने उचल देऊन बांधणाऱ्याला तुरुंग दाखवला.

२०/
तरीही १९८० च्या दशकात मुंबईच्या वेशीवर, वसई तालुक्यात, वेठबिगार होते. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद व श्रमजीवी संघटनेने त्यांना मुक्त करण्याचे काम हाती घेतले. लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल या १८३९ पासूनची परंपरा सांगणाऱ्या संस्थेने १९९९ साली त्यांना आपला पुरस्कार दिला. ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर स्थलांतरित मजुरांची मुले जेथे राहत त्या झोपड्यांना ‘भोंगा’ म्हणतात. त्या मुलांसाठी तेथेच ‘भोंगाशाळा’ सुरू झाल्या. भट्टीवरच्या विटेला इमारतीचा पत्ता माहीत नसतो. इमारतीतल्या माणसालाही विटेचा पत्ता माहीत नसतो.

२१/
१९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धांची स्टेडियम उभी राहत होती. कामे सरकारी, ठेकेदार खासगी, मजूर जमादारांनी आणलेले. किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे होती. तीतला एक रुपया जमादार स्वतःकडे ठेवी. सर्वोच्च न्यायालयापुढे प्रकरण आले तेव्हा न्या. पी. एन. भगवती यांच्या निकालाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत करवून घेतलेले काम हे २३ व्या अनुच्छेदाखाली सक्तीचे श्रम ठरते, कारण भूक हीदेखील सक्तीच आहे. दोन, काम ठेकेदाराला दिले म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही.

२२/
पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८३ मध्ये, फरिदाबादच्या दगडखाणींच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. मजूर सक्तीने राबतो आहे हे दिसले, तर त्यामागे उचल आहे असे गृहीत धरावे. नाही हे मालकाने दाखवावे. तर्क साधा होता. ज्याच्याकडे वही आहे त्याने वही उघडावी. ज्याला वाचता येत नाही, त्याच्याकडे पुरावा मागणे हा न्याय नव्हे.

२३/
याच काळात मुलुंडचे रूप पालटू लागले. लालबहादुर शास्त्री मार्गावरचा कारखान्यांचा पट्टा हळूहळू ओसरला. त्या जागी मनोरे, मॉल आणि कार्यालये आली. गेटवरचा पहारेकरी, जिन्यातला सफाईवाला, उपाहारगृहातला वाढपी, पार्सल पोहोचवणारा पोऱ्या, हा नवा कामगारवर्ग. धूर नाही, भोंगा नाही, यंत्रांचा खडखडाट नाही. त्यामुळे येथे शोषण नाही, असा समज सहज होतो. महाराष्ट्राने मात्र धोका ओळखला होता. १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांसाठी माथाडी कायद्याच्याच धर्तीवर स्वतंत्र कायदा झाला आणि त्यांच्यासाठी मंडळे आली.

२४/
सफाईचे मात्र तसे झाले नाही. मुंबईचा कचरा देवनार, गोराई आणि १९६७ साली सुरू झालेल्या मुलुंडच्या क्षेपणभूमीकडे जाई. तो उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या वतीने कचरा वाहतूक श्रमिक संघ न्यायालयात गेला. संघटनेचे म्हणणे असे, की कंत्राटे मुद्दाम वीसपेक्षा कमी माणसांच्या तुकड्यांत दिली जात. कागदावर कामगारांना ‘स्वयंसेवक’ म्हटले जाई आणि मजुरीला ‘मानधन’. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने सुमारे २,७०० कामगारांच्या बाजूने निर्णय दिला. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मुलुंडची क्षेपणभूमी २०१८ साली बंद झाली. शब्द बदलून माणसाचा हक्क बदलत नाही, हा तिच्या काळाचा धडा आहे.

२५/
जगातही हा धडा महागात शिकला गेला. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री इंग्लंडमधील मोरकॅम्ब खाडीत भरतीत अडकून किमान एकवीस चिनी मजूर बुडाले. ते शिंपले वेचत होते आणि त्यांना एका मुकादमाने तेथे उतरवले होते. त्याच वर्षी मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा ब्रिटनमध्ये झाला. २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याने ३ कोटी ६० लाख पौंडांहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना आपल्या साखळीविषयी दरवर्षी निवेदन देणे बंधनकारक केले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ५ कोटी माणसे आधुनिक गुलामगिरीत होती. त्यांपैकी २ कोटी ७६ लाख सक्तीच्या श्रमात.

२६/
मोठ्या कंपन्या निवेदन लिहितात. पण मुलुंडच्या एखाद्या इमारतीत वीस-पंचवीस माणसांवर चालणारी सेवा कंपनी काय करणार? तिला ना कायदा विभाग, ना परदेशी लेखापरीक्षक. तिचे पुरवठादारही लहानच: गणवेश शिवणारा, गणवेश धुणारा, सफाईची माणसे देणारा, डबा पोहोचवणारा. इतिहासाचे उत्तर असे, की तिला फार अवघड असे काही करावयाचेच नाही. तिने पाच जुने प्रश्न विचारावेत, आणि ते ठेकेदाराच्या कचेरीत न विचारता झाडू धरणाऱ्या माणसाला विचारावेत.

२७/
पहिला प्रश्न बोरघाटाचा: मजुरी कोणत्या तारखेला मिळते आणि मागची किती थकली आहे? दुसरा वारल्यांच्या पाड्याचा: उचल घेतली आहे काय, आणि ती फिटेपर्यंत काम सोडता येते काय? तिसरा आशियाई स्टेडियमचा: मुकादम त्यातले किती कापतो? पूर्वी तो रोख रुपया ठेवी, आज कामगाराचे एटीएम कार्डच आपल्या खिशात ठेवू शकतो. चौथा खाणीचा: वही कोणाकडे आहे, आणि आधार कार्ड, बँकेचे पुस्तक कोणाच्या ताब्यात आहे? पाचवा क्षेपणभूमीचा: कागदावर या माणसाचे नाव कामगार म्हणून आहे काय?

२८/
आणखी एक प्रश्न कंपनीने स्वतःला विचारावा. आपण ठेकेदाराला जो दर देतो, त्यात किमान मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि त्याचा रास्त नफा बसतो काय? हे गणित आठवीतल्या मुलालाही सुटेल. माणशी दरच किमान मजुरीहून कमी असेल, तर उरलेली रक्कम कोणाच्या तरी पोटातूनच येते. सर्वांत स्वस्त निविदा मंजूर करणाऱ्याने नंतर ‘आम्हांला कल्पना नव्हती’ म्हणणे इतिहासाला नवे नाही. घाटातल्या रेल्वे कंपनीचेही हातावर अंतर ठेवण्याचे तंत्र हेच होते.

२९/
उंबरठ्याचा मुद्दा मात्र अधिक तीव्र होतो आहे. २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींसाठी वीसची संख्या पन्नास झाली. म्हणजे लहान ठेकेदारांची मोठी संख्या त्या भागाच्या बाहेर राहते. परंतु संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाला उंबरठा नाही. १९७६ च्या कायद्यालाही नाही. किमान मजुरीच्या हक्कालाही आता संख्येची अट नाही. एक माणूस बांधलेला असला तरी ते पुरेसे आहे. लहान कंपनीला सवलत मिळते ती नोंदणीपासून, माणुसकीपासून नव्हे.

३०/
एक सावधगिरीही इतिहास शिकवतो. बांधलेला माणूस सापडला, की घाबरून ठेकेदाराला त्याच दिवशी हाकलणे हा उपाय नव्हे. तसे केले तर कंपनीचे हात स्वच्छ होतात, मजुराची थकबाकी बुडते आणि त्याला दुसऱ्या मुकादमाच्या दारात उभे राहावे लागते. वेठबिगारीतून सुटलेल्यांचे पुनर्वसन झाले नाही, तर ते पुन्हा कर्जात जातात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ सालीच बजावले होते. आधी थकलेली मजुरी, कागदपत्रे माणसाच्या हाती, जिल्हाधिकाऱ्यांकडे वा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे खबर. ठेक्याचा निकाल त्यानंतर.

३१/
मुलुंडच्या चेकनाक्यावरून आज मालमोटारी जकातीसाठी न थांबता शहरात शिरतात. पावती मागणारा कोणी उरला नाही. पण बोरघाट ते तलवाडा आणि तलवाडा ते क्षेपणभूमी या प्रवासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. वेठ कोणत्याही एका कायद्याने संपली नाही. जेव्हा जेव्हा ती मागे हटली, तेव्हा साखळीतल्या कोणीतरी वरच्या कडीला थांबवून विचारले होते: याची मजुरी याच्या हातात पडली काय? हा प्रश्न विचारायला नाका लागत नाही. महिन्याच्या सात तारखेला जिन्यात झाडू मारणाऱ्या माणसाजवळ दोन मिनिटे थांबले तरी पुरते.